मशीनला न दिलेला भारा

सोयाबीन पिवळं पडायला लागलं की माझे कान गरम होतात. लोकांना या दिवसांत दसरा आठवतो, माहेर आठवतं, दिवाळीची साडी आठवते. मला मेली लाज आठवते. बरं, ती काही आडपडद्यानं येत नाही. सकाळी वावरात जावं, एखादी शेंग कानाशी धरून हलवावी, आत दाणा खुळखुळला की ही बया समोर हजर!

तसा हा हंगाम फार देखणा. पानं गळून गेलेली असतात आणि वावरभर नुसत्या तपकिरी शेंगा उभ्या असतात. दुपारच्या उन्हात एखादी शेंग आपसूक तडकते आणि दाणा लांब उडतो. धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, गवताला वाळका, गोडसर वास सुटतो. डोंगराच्या बाजूनं मात्र रोज दुपारी एक काळा ढग डोकं वर काढतो. पाऊस जायचा तर गुमान जात नाही, जाता जाता वळून बघतो. म्हणून सोंगणीची, म्हणजे कापणीची, घाई. बाया भल्या पहाटे डोक्याला फडकी बांधून विळे घेऊन निघतात. शेंगांची टोकं टोचून बोटं अशी होतात की जेवताना तिखटामिठाला हात लागला तरी जीव कळवळतो. सोंगलेलं सोयाबीन गोळा करून वावरात त्याचा उंच ढीग लावायचा, ती सुडी. सुडीवर ताडपत्री टाकायची, चारी बाजूंनी दगड ठेवायचे आणि मशीनची वाट पाहायची.

आमच्या गल्लीत नुसतं मशीन म्हटलं की ते आमचंच. म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. त्यांना मी मामाजी म्हणते. मळणीचं ते छोटं यंत्र त्यांनी माझ्या लग्नाच्याही आधी घेतलेलं. त्याच्यावरच डिझेल इंजिन बसवलेलं, खाली दोन चाकं, आणि ओढायला आमची बैलजोडी. असं ते डुलत डुलत गल्लीतून निघालं की कुत्री भुंकायची, म्हाताऱ्या ओट्यावरून उठायच्या. सुरू होताना ते आधी खोकायचं, मग काळा धूर ओकायचं, मग सगळं अंग थरथरवत धडधडायला लागायचं. एका तोंडातून दाणे, दुसऱ्या तोंडातून कुटार. तो भुसा नाकातोंडात, केसांत, पदरात, कुठं कुठं जायचा ते सांगायची सोय नाही. पण मामाजी त्याच्याजवळ उभे राहायचे ते डोक्यावरची टोपी सरळ करून, लग्नात उभे असल्यासारखे.

मला त्या मशीनची लाज वाटायची. मनातल्या मनात नव्हे, चांगली उघड. माझ्या माहेरी आता ट्रॅक्टरवर चालणारं मोठं यंत्र आहे, सकाळी सुरू केलं की दुपारपर्यंत सुड्यांचा फडशा. एकदा माझा भाऊ आला होता. आमचं मशीन बघून म्हणाला, "ताई, हे तं संग्रहालयात ठेवा!" मी हसले, पण तोंड कडू झालं. जागोजागी वेल्डिंगची ठिगळं, एका बाजूला पत्रा गेलेला तिथं तेलाचा डबा कापून ठोकलेला. दुसऱ्याच्या वावरात ते उभं असलं की वाटायचं, यापेक्षा मी दुसऱ्या रस्त्यानं घरी जावं.

घरात दरवर्षी नवरात्र बसलं की वाद ठरलेला. आमचे हे म्हणायचे, "बाबा, आता हे भंगारात द्या. मोठी मशीन घेऊ. ट्रॅक्टर तं आहेच."

"याले काय झालं?" मामाजी विचारायचे.

"काय नाही झालं ते सांगा! पट्टा घसरते, बेरिंग बोंबलते, जाळी झिजली."

"पट्टा बदलू, बेरिंग टाकू. हाडं मजबूत हायेत त्याचे."

"लोकं हासतात बाबा."

"हासू दे. दात हायेत तं हासतीन."

मी भाकरी थापता थापता ह्यांची बाजू घ्यायची. मामाजी माझ्याशी वाद घालत नसत. नुसते म्हणत, "सुनबाई, तुले नाई समजत ते," आणि ताट पुढं सरकवत. मला राग यायचा तो याचा. न समजायला काय झालं? वीस एकराच्या वावरात मी काय फुलं तोडायला जाते?

पण मामाजींच्या त्या मशीनमागे एक वर्ष उभं होतं, आणि त्या वर्षापुढं कुणाचंच काही चालत नसे. मी नवीन लग्न होऊन आले होते तेव्हाची गोष्ट. सगळ्या गल्लीच्या सुड्या वावरात लागलेल्या आणि परतीचा पाऊस असा काही आला की सुड्यांच्या बुडातून पाणी वाहायला लागलं. मधे थोडी उघडीप मिळाली. ढग परत दिसायला लागले होते, आणि मशीनचा वेग काही पुरेना. मळणीचा जो ड्रम आत फिरतो, त्याची पुली मामाजींनी काढली आणि तिच्या जागी बारकी पुली टाकली. बारकी पुली टाकली की ड्रम जोरात फिरतो. मग काय, मशीन बेभान झालं. मामाजी एका वावरातून दुसऱ्या वावरात बैल हाणत गेले. स्वतःची सुडी शेवटी ठेवली. आमची अर्धी सडली, पण गल्लीतली एकही दुसरी सुडी कुजू दिली नाही. तेव्हापासून गल्लीत मामाजींचा शब्द खाली पडत नाही. गल्ली त्यांना भाऊ म्हणते. बाया पोरांना सांगतात, "भाऊनं त्या साली आपल्या घरात दाणा आणला." आणि ती बारकी पुली? ती तिथंच राहिली. काम लवकर होतं तर काढायची कशाला?

आमच्याकडे आणखी एक पद्धत आहे. गल्लीतल्या लहान वावरवाल्यांकडून मामाजी मशीनचं भाडं घेत नाहीत. त्या घरच्या बाया मग आमच्या कपाशीला वेचणीच्या वेळी एक-दोन दिवस येतात. कुणी कुणाला आठवण देत नाही. आपसूक येतात, वेचतात, चहा पितात, जातात. मला ही पद्धत फार आवडायची. मनात म्हणायची, आपल्या घराचा किती उपयोग होतो लोकांना!

तर गेल्या वर्षीची खंडे नवमी दोन-तीन दिवसांवर आली होती. मामाजींनी मला वच्छलाकाकूंकडे पाठवलं. त्यांची सुडी कोणत्या दिवशी काढायची ते विचारायला. वच्छलाकाकू म्हणजे गल्लीच्या पार टोकाच्या. नवरा नाही, मुलगा सुरतेला कामाला, घरात त्या आणि सून रेखा. वावर एवढंसं, चहूबाजूंनी दुसऱ्यांची वावरं, जायला फक्त एका माणसाच्या रुंदीचा धुरा. एरवी मी त्या वेळी आमच्या वावरात असते. त्या दिवशी दळण आणायचं होतं म्हणून घरी राहिले होते.

काकूंच्या दारापर्यंत पोचले तर अंगणातून आवाज, धप्, धप्. आत गेले. गोणपाट अंथरलेलं, त्यावर सोयाबीनचा भारा पसरलेला, आणि काकू काठीनं तो बडवत होत्या. रेखा बाजूला बसून सुपानं पाखडत होती. मला बघितलं आणि काकूंनी काठी पाठीमागं लपवली. साठीची बाई, आणि चोरी पकडल्यासारखी काठी लपवते!

"काकू, हे काय करता?" मी म्हटलं. "मशीन तं येऊनच राह्यली ना तुमच्या वावरात."

"काही नाई वो माय. थोडकंच हाय. बियाचं हाय."

"मंग बियाचंही मशीनमधूनच काढा ना. हात कशाले दुखवता?"

"रिकामीच बसली होती मी," काकू म्हणाल्या आणि रेखाकडे बघितलं. बघण्यातच सगळं होतं की तोंड उघडू नको. पण रेखाचं तोंड माझ्यासारखंच, आवरत नाही.

"मशीनमधलं उगवत नाई ना ताई," रेखा म्हणाली.

"रेखे!"

"काय रेखे? सांगू द्या ना एकडाव. दाळ पडते ताई. अर्धे दाणे फुटतात. जे साजरे दिसतात तेही आतून तडकेल असतात. पेरले का मातीतच कुजतात. सारी गल्ली बियाचं घरीच बडवते. तुम्ही वावरात गेल्या का मंग काढतो आम्ही भारे."

तुम्ही वावरात गेल्या का मंग. हे वाक्य मी आजही पूर्ण गिळू शकलेली नाही. म्हणजे आमच्या पाठीमागं गल्लीतल्या अंगणाअंगणात काठ्या चालत होत्या. आम्ही परत यायच्या आत अंगणं झाडली जात होती, काड्या गोठ्यात जात होत्या. आणि दुसऱ्या दिवशी आमचं मशीन वाजतगाजत आलं की सगळ्या बाया पदर सावरून उभ्या, "या भाऊ, या!" इतकी वर्षं. आमच्या घरी बियाणं दरवर्षी दुकानातून पिशव्यांनी येतं, त्यामुळं आमच्या मशीननं काढलेलं बी उगवतं की नाही हे आम्ही कधी पाहिलंच नाही. आमचं सगळं खामगावच्या बाजारात जायचं. तिथला व्यापारी हातात दाणे घेऊन म्हणायचा, दाळ जास्त आहे. तर आमचे हे घरी येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. लबाड म्हणे! तो बिचारा खरं बोलत होता.

काकूंनी माझा हात धरला. त्यांच्या तळव्याला काठीचे फोड आले होते, ते मला लागले. "बाई, भाऊले नको सांगजो. त्यायच्या जिवाले लागन. त्यायनं त्या साली आमचं सारं वाचवलं. एवढंसं बी बडवलं तं आमचं काय झिजते?" आणि वर मला चहा घ्यायला लावला. त्यांच्याच अंगणात, त्यांनी काठीनं बडवलेल्या बियाण्याशेजारी बसून मी चहा प्यायले. नाही म्हणायचं तोंडच नव्हतं.

परत येताना गल्ली संपता संपेना. दारादारातल्या बाया नेहमीसारख्या हसल्या, "काय वो, कुठी गेली होती?" आणि मला प्रत्येकीच्या मागं काठी दिसायला लागली. आठवणीही अशा वेळी मुद्दाम रांगेनं येतात. एका पावसाळ्यात वच्छलाकाकूंच्या वावरात बी उगवलंच नव्हतं; ते आमच्या मशीनमधलंच असणार. दुबार पेरणी करावी लागली होती. सगळ्या गावानं पावसाला नावं ठेवली. मी मोठी शहाणी, त्यांना धीर द्यायला गेले होते. वर सल्लाही दिला होता, "काकू, घरचं बी नका ठेवत जा, पिशवी आणत जा." त्यावर काकू म्हणाल्या होत्या, "हाव, बरोबर हाय तुहं." बरोबर हाय! माझ्या डोक्यात काठी घातली असती तरी कमीच होतं.

माणसाला शिवी दिली तर त्याला उलटून देता येते. तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, दोन दिवस बोलले नसते, तिसऱ्या दिवशी साखर मागायला गेले असते. पण लोकांनी तुम्हाला सांभाळून घेतलं, तुम्हाला कळू न देता सांभाळून घेतलं, तर त्याचं काय करायचं? कुठं ठेवायची ती लाज? माझी आधीची लाज, ती ठिगळांची आणि धुराची, किती स्वस्तातली होती! माझा भाऊ हसला, पाहुणे हसले, एवढ्यावर मी तोंड लपवत होते. आणि ज्यांनी हसायला हवं होतं, रडायला हवं होतं, ते आमचं तोंड जपत होते.

त्यात दुसरीच एक गोष्ट मनात आली आणि मी स्वतःलाच घाबरले. घरातला वाद जिंकायला आता माझ्या हातात हत्यार होतं. मामाजींना एवढंच म्हणायचं, तुमच्या मशीननं लोकांचं बी मारलं. संपलं. दुसऱ्या दिवशी मशीन भंगारात आणि दारात नवं. ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी तेच केलं असतं, म्हणून ह्यांनाही सांगितलं नाही. कणिक मळताना ते वाक्य जिभेवर यायचं आणि मी गिळायची. त्या दिवसांत माझ्या हातची भाजी दोनदा खारट झाली. मामाजी काही न बोलता जेवले, त्याचीही मला लाज वाटली.

मग खंडे नवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी शेतीची सगळी अवजारं धुऊन-पुसून पुजतात. मामाजींनी मशीन अंगणात ओढून घेतलं होतं. रॉकेलच्या बोळ्यानं एकेक नटबोल्ट पुसला. वखर, डवरा, विळे, कुऱ्हाड, सगळं समोर मांडलं. झेंडूच्या माळा मशीनच्या तोंडाला बांधल्या. वास असा सुंदर, झेंडूचा आणि रॉकेलचा मिळून. आणि गल्लीतल्या बाया आल्या, जशा दरवर्षी यायच्या. प्रत्येकीच्या हातात ताट. प्रत्येकीनं मशीनला हळदकुंकू वाहिलं. वच्छलाकाकू आल्या, नारळ ठेवला, वाकल्या आणि त्या पत्र्याला कपाळ टेकवलं. त्यांच्या हातावरचे फोड फुटून आता लाल झाले होते. त्याच हातानं त्यांनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. मामाजी मात्र भरल्या डोळ्यांनी उभे होते, टोपी सरळ करून.

त्या संध्याकाळी मी ठरवलं की सांगायचंच. जिंकायला नाही. त्या पूजेत मला परत उभं राहायचं नव्हतं म्हणून.

दसऱ्याच्या सकाळी मामाजी ओट्यावर बसले होते. मी चहा दिला आणि तिथंच खाली बसले. "मामाजी, आपल्या मशीनमधून काढलेलं बी उगवत नाही. दाळ पडते. गल्लीतल्या बाया बियाचं घरी बडवून काढतात."

"कोण म्हणे?"

"कोणी नाही म्हणे. मी डोळ्यानं पाहिलं."

वाटलं होतं ओरडतील. तुले नाई समजत म्हणतील. त्यांनी बशी खाली ठेवली. मशीनकडे बघितलं. कालच्या माळा अजून तशाच होत्या. "पुली," ते म्हणाले. एवढंच. ड्रम जोरात फिरवून दाणाच फोडत होती ती. मग उठले, टोपी घातली, चपला पायात सरकवल्या. मला वाटलं मोताळ्याच्या मिस्त्रीकडे निघाले. पण ते फाट्याकडे न वळता गल्लीत शिरले. मी तशीच त्यांच्या मागे मागे.

वच्छलाकाकू अंगण सारवत होत्या. मामाजींना बघून पदर पुढं ओढला. "बसा ना भाऊ." मामाजी बसले नाहीत. भिंतीला भाऱ्यातला उरलेला भाग टेकवून ठेवला होता आणि शेजारी ती काठी. त्यांनी गोणपाट पसरलं, भारा सोडला आणि काठी उचलून बडवायला लागले.

"भाऊ, काय करता हे! ठेवा ना. लोकं पाह्यतीन!"

"पाहू दे."

म्हातारा माणूस. चार घाव घातले की दम लागायचा. थांबायचे, परत उचलायचे. दारादारातून बाया डोकावल्या आणि मागं सरल्या. कुणाला हसू आलं नाही. काकू काठी ओढून घ्यायला पुढं व्हायच्या आणि भाऊंच्या हाताला हात लागू नये म्हणून थांबायच्या. त्यांना रडू फुटायला आलं होतं.

"किती सालापासून हाय हे?" मामाजींनी विचारलं.

"कायचे साल भाऊ? यंदाच जराशी दाळ पडली."

"यंदा मशीन चालूच कुठी झाली वो?"

काकूंनी मान खाली घातली. खोटं त्यांचं उघडं पडलं होतं आणि अपराधी आम्ही होतो. रेखा सूप घेऊन बसली होती, तिचाही हात थांबला.

मामाजी पायरीवर टेकले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाईमाणसासमोर त्यांना बोडक्या डोक्यानं मी पहिल्यांदाच पाहत होते. "घरी दोन बाजू हायेत," ते म्हणाले. "पोरगा म्हणते नवी घ्या. मी म्हणतो हेच दुरुस्त करू. तुमी सांगा वच्छलाबाई. काय करू?"

"मी काय सांगू? तुमच्या घरची वस्तू."

"बी तुमचं मेलं. तुमीच सांगा."

काकूंचा सारवणाचा हात तसाच, शेण वाळत चाललेलं. मग त्यांनी पदर मागं केला आणि सरळ मामाजींकडे बघितलं.

"नवी मशीन माह्या वावरात येईन का?"

मामाजी विचारात पडले. मीही पडले. त्या एका माणसाच्या धुऱ्यावरून ट्रॅक्टर. आमचं छोटं मशीनसुद्धा तिथं बैल सोडून, एक चाक शेजारच्या वावरातून घेत, माणसांनी हातानं ढकलत न्यावं लागतं. इतक्या नवरात्रांत आमच्या घरात नव्या-जुन्याचा एवढा कालवा झाला, पण हा प्रश्न ना ह्यांनी विचारला, ना मामाजींनी, ना मी.

"नाई येत," मामाजी म्हणाले.

"मंग मले काऊन इचारता?"

काकूंचा आवाज असा चढला की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं. इतक्या वर्षांत त्या घरातून आमच्या घराशी कुणी वरच्या आवाजात बोललं नव्हतं. मला भीती वाटली आणि देवाशप्पथ, बरंही वाटलं.

"हेच दुरुस्त करतो," मामाजी म्हणाले. "मोठी पुली टाकतो, जाळी नवी बसवतो. दाणा पहिले तुमच्या हातावर घेईन. तुमी हो म्हणसान तंच पुढची सुडी." त्यांनी टोपी गुडघ्यावरून उचलून पायरीवर ठेवली. "चुकलं माहं, वच्छलाबाई."

मी काकूंकडे बघत राहिले. वाटलं, आता म्हणतील, नाई हो भाऊ, तुमचं काय चुकलं. नेहमीसारखं सांभाळून घेतील, चहा ठेवायला उठतील.

काकूंनी तसं काही म्हटलं नाही. त्या उभ्या राहून त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि मामाजींनी परत काठी उचलली.